अकरा वर्षांचा व्हॅम्पायर आणि बारा वर्षांची इरा: एका संहितेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कुमार-कादंबरीच्या संपादनाचं आहे. लेखिका आणि प्रकाशनसंस्था यांची नावं दिलेली नाहीत, पात्रांची बदलली आहेत आणि कथानकातल्या ओळखू येतील अशा काही गोष्टी फिरवल्या आहेत. संपादक म्हणून मी पहिल्या वाचनापासून छपाईपर्यंत त्यात होते.

लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. वाचकवर्ग अकरा ते चौदा. कथा थोडक्यात अशी: इरा बारा वर्षांची. ती अडखळत बोलते आणि वर्गातल्या तिघी रोज तिची नक्कल करतात. शेजारच्या बंद घरात एक मुलगा राहायला येतो, तो अंधार पडल्यावरच बाहेर दिसतो. दोघांची गट्टी जमते, मग प्रेम जडतं. मुलगा दिसतो अकराचा, पण आहे शंभराच्या वरचा व्हॅम्पायर. त्याच्यासोबत एक म्हातारा राहतो. तो अधूनमधून रात्री बाहेर जातो आणि परत येतो. शेवटी इरा स्वतःहून मान पुढे करते, मुलगा चावा घेतो, तिचं अडखळणं थांबतं आणि दोघं निघून जातात.

मुलाचं नाव होतं तिमिर. ते पहिल्याच बैठकीत गेलं. दरोडेखोराचं नाव लुटारू ठेवावं तसला प्रकार होता. पुढे त्याचा केदार झाला, इथेही मी केदारच म्हणते.

संहिता स्वीकारली ती एका पानामुळे. इरा काहीतरी सांगू पाहते, पहिल्याच अक्षरावर अडते. घरातले, शिक्षक, मैत्रिणी, सगळे अशा वेळी तिचं वाक्य पुरं करून मोकळे होतात. केदार करत नाही. तो पायरीवर बसून राहतो, नजर तिच्यावर, चेहऱ्यावर घाई नाही. ती वाक्य पुरं करते, तेव्हा तो त्या वाक्याला उत्तर देतो, तिच्या अडखळण्याला नाही. इराचं प्रेम कशावर जडलं हे समजावून सांगायला दुसरी एकही ओळ लागत नव्हती. एवढं जिला लिहिता येतं तिच्या बाकीच्या पानांवर काम करायची आमची तयारी होती.

अडचण

तिघांनी संहिता वाचली आणि तीन मतं आली. एकाला रक्त जास्त वाटलं. दुसऱ्याला व्हॅम्पायर फारच पाळीव वाटला. तिसऱ्याचं म्हणणं, बारा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात प्रेम कशाला, मैत्री म्हणा. तिन्ही मतांत थोडं थोडं तथ्य होतं, पण कुठेतरी खोल काहीतरी खुपत होतं आणि त्यावर कुणाचं बोट पडत नव्हतं.

मग आम्ही ती एका बालमानसतज्ज्ञ बाईंना दिली. त्यांनी शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काही ओळी लिहून परत पाठवली. तो तिच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. कुणाला सांगायचं नाही, असं तिच्याकडून वदवून घेतो. ती एकटी पडेल अशी व्यवस्था होत जाते. प्रेम सिद्ध करायला सांगतो. किंमत तिने शरीराने चुकवायची. आणि खाली एक वाक्य: ‘व्हॅम्पायर काढून तिथे काका घाला आणि पुन्हा वाचा.’

लेखिकेने ते वाचलं आणि बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, “ताई, मी एकटेपणावर लिहिलं होतं हो.” ते खरंच होतं. तिने वाईट काही लिहिलं नव्हतं. तिने व्हॅम्पायरकथेचा नेहमीचा साचा तसाच उचलला होता, आणि तो साचा मुळात मोठ्यांच्या मोहकथेचा आहे. 1819 साली इंग्रजीत पहिला गाजलेला व्हॅम्पायर आला तोच मुळी उमराव, देखणा आणि तरुणींना नादी लावणारा. 1872 मध्ये प्रेमाची गोष्ट दोन मुलींमध्ये आली, तीही शिकारीच्याच अंगाने गेली. त्या साच्यात मूल बसवलं की साचा मुलाला गिळतो.

पुढे काय, यावर पर्याय तीन होते. संहिता परत करायची. वाचकवर्ग बदलून ती मोठ्यांसाठी करायची. मग बाईंची यादी हाच कादंबरीचा विषय झाला असता, आणि चांगली कादंबरीही झाली असती. किंवा मुलांसाठीच ठेवून साचा मोडायचा. दुसरा पर्याय माझ्या मनात बराच काळ होता. लेखिकेला मात्र मोठ्यांसाठी लिहायचंच नव्हतं. तिची अट एकच, पायरीवरचं पान जिवंत राहिलं पाहिजे आणि ते बारा वर्षांच्या मुलीने वाचलं पाहिजे.

जुन्या नोंदींमध्ये काय सापडलं

साचा मोडायचा तर त्याच्या आधी काय होतं ते बघायला हवं, म्हणून आम्ही लोकसमजुतींतल्या व्हॅम्पायरकडे गेलो. तिथे उमराव नाही, देखणेपण नाही. फुगलेलं, लालसर पडलेलं शेतकऱ्याचं प्रेत आहे. 1725 मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाच्या मृत शेतकऱ्यावर थोड्या दिवसांत नऊ जणांना मारल्याचा ठपका ठेवला गेला. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाची सत्ता होती आणि त्यांच्या अधिकाऱ्याचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्या अहवालातली एक बारीकशी गोष्ट लेखिकेच्या डोक्यात बसली. बायको सांगते, तो रात्री आला आणि त्याने स्वतःचे जोडे मागितले.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये 1892 साली मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन आजारी होता. गावाने तिचं प्रेत उकरलं, हृदय जाळलं आणि राख पाण्यात कालवून भावाला पाजली. तो दोन महिन्यांत गेला. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला त्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

या नोंदींमधून आम्हाला हाती लागलं ते हे की लोकांचा व्हॅम्पायर अनोळखी नसतो. तो आधी स्वतःच्या घरी येतो. कारण उघड आहे, क्षय एका छपराखाली झोपणाऱ्यांतच आधी पसरतो. जे जवळचे, ज्यांनी सेवा केली, तेच पाठोपाठ आजारी पडत, आणि मेलेल्या माणसाचा जीव घरात अडकला आहे असा लोक अर्थ लावत.

मुलांचीही गत हीच. इटलीत उंब्रिया भागात लुन्यानो इन तेवेरिना इथे पाचव्या शतकातली लहान मुलांची दफनभूमी आहे. तिथे 2018 मध्ये साधारण दहा वर्षांच्या मुलाचा सांगाडा मिळाला, तोंडात दगड कोंबलेला, मेलेलं मूल उठून परत येऊ नये म्हणून. साथ मलेरियाची होती असं संशोधक मानतात. वय दातांवरून ठरलं. मुलगा की मुलगी, ते कळलं नाही. पोलंडमध्ये प्येन गावाजवळ 2023 मध्ये सतराव्या शतकातलं एक लहान मूल पालथं पुरलेलं आणि पायाशी कुलूप लावलेलं सापडलं. ते कुलूप कुणी लावलं असेल, असं लेखिकेने विचारलं. घरच्यांपैकीच कुणीतरी असणार, असं मला वाटतं.

पहिला निर्णय: केदारचं वय

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. शंभर वर्षांचा केदार ठेवायचा असेल तर एक पळवाट उपलब्ध होती: शरीर थांबलं म्हणजे मेंदूही थांबला, म्हणजे आठवणी शंभर वर्षांच्या पण समज अकराची. मेंदूचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हे शास्त्र सांगतं. तेव्हा थांबलेला मेंदू हा तर्क अगदीच हवेतला नव्हता. बालमानसतज्ज्ञ बाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला. शंभर वर्षं माणसं पाहिलेल्याला समोरचा कशाने विरघळतो ते ठाऊक असतं, त्याला परिपक्वता लागत नाही.

उलट टोकाचा पर्याय, म्हणजे त्याला अगदी कालच व्हॅम्पायर करायचं. मग तो फक्त घाबरलेला मुलगा उरतो, ‘मी कोण’ हा प्रश्नच उभा राहत नाही.

तीन वर्षं हा आकडा लेखिकेने सुचवला. तेव्हा तो आम्हाला फारच लहान वाटला होता. तिने दुसऱ्या दिवशी हिशेब मांडून आणला. केदार अकराचा असताना थांबला. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा नऊचा. आज तो बारा वर्षांचा आहे, उंचीला थोरल्यापेक्षा वर गेला आहे, आणि इराच्या वर्गात आहे. केदारचे जुने मित्र चौदाचे, आवाज फुटलेले, खिडकीखालून जातात आणि त्याला त्यांची भाषा कळेनाशी होते.

इथे कादंबरी पहिल्यांदा आपल्या पायावर उभी राहिली. शंभर वर्षांचं अमरत्व ऐकायला भारी वाटतं, पण त्यात दुखत काही नाही. धाकटा भाऊ मोठा झाला, हे प्रत्येक थोरल्याला कळतं. ‘मी कोण’ हा प्रश्न केदारला आता पौर्णिमेच्या रात्री खडकावर बसून विचारावा लागत नव्हता. तो थोरला आहे की धाकटा, चौदाचा आहे की अकराचा, मेलाय की हरवलाय, एवढं पुरे होतं.

भाऊच त्या छळणाऱ्या टोळीचा म्होरक्या असावा, असंही लेखिकेच्या मनात आलं होतं. मी अडून बसले. सगळे धागे एकाच खिळ्याला बांधले की वाचक खिळाच बघतो. भाऊ मागच्या बाकावर बसणारा गप्प मुलगा राहिला. तो इराची नक्कल करत नाही आणि करणाऱ्यांना थांबवतही नाही.

दाताची गोष्ट चित्रकाराने आणली. माणसाला वरचे कायमचे सुळे साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतात आणि त्याच सुमारास दुधाचे पडतात, हे त्याला घरातल्या मुलीमुळे ताजं ठाऊक होतं. त्याने विचारलं, “अकराव्या वर्षी थांबला, म्हणजे याचा सुळा दुधाचाच ना?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. मग ते पान आलं: केदार जिभेने सुळा हलवतो. तो तीन वर्षांपासून हलतोय. पडत नाही. इरा त्याला स्वतःचा नुकताच पडलेला दात दाखवते, हिरडीत टोचणारं नव्या सुळ्याचं टोक बोटाने चाचपायला देते, आणि तो हात मागे घेतो. या प्रसंगाला आम्ही कुणीही हात लावला नाही.

दुसरा निर्णय: रक्त कुणाचं

मूळ संहितेत म्हातारा ‘सोय करतो’ एवढंच होतं. पुढे इरा दर आठवड्याला एक पेला रक्त देते, ब्लेडने हात कापून. लेखिकेच्या दृष्टीने ती प्रेमाची परिसीमा होती.

ब्लेड काढण्याबद्दल वाद झाला नाही. स्वतःला इजा करून घेण्याची रीत मुलांच्या पुस्तकात तपशिलाने आणि वर प्रेमाचा पुरावा म्हणून येता कामा नये, हे लेखिकेलाही पटलं. वाद झाला तो पुढे. विक्री बघणाऱ्यांचं म्हणणं, प्राण्यांचं रक्त दाखवा किंवा रक्तपेढीतल्या पिशव्या दाखवा, प्रश्न मिटला. मला ते मिटणं खोटं वाटत होतं. भूक निरुपद्रवी केली की केदार फक्त फिकट चेहऱ्याचा शेजारी होतो आणि इराला कशाचाच निर्णय घ्यावा लागत नाही.

एका डॉक्टरांना आम्ही हिशेब करून मागितला. मुलांच्या शरीरात किलोमागे साधारण 70 ते 75 मिलिलिटर रक्त असतं. इरा 35 किलोची धरली तर अडीच लिटर. पेला 200 मिलिलिटरचा. त्यातून जवळपास 100 मिलिग्रॅम लोह जातं, आणि अन्नातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं. म्हणजे एका पेल्याची भरपाई व्हायला दोन-तीन महिने लागतील आणि ही दर आठवड्याला देते आहे. रक्तदान करणाऱ्या धडधाकट प्रौढाकडूनसुद्धा एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर घेतात आणि पुढे सुमारे तीन महिने थांबतात. “तुमची नायिका सातव्या प्रकरणात जिना चढू शकणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

याच आकड्यांनी वाट दाखवली. म्हातारा गेला आणि त्याच्या जागी केदारची आत्या आली. ती त्याला घेऊन बंद घरात राहते, घरी कुणाला ठाऊक नाही, आणि ती स्वतःचं रक्त देते. दर आठवड्याला, म्हणजे रक्तदात्याच्या पाचपटीहून जास्त वेगाने. आत्याची नखं पांढरी पडतात, पायऱ्या चढताना ती कठडा धरते, बर्फाचे खडे चघळत राहते. बर्फ चघळणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. कादंबरीत तसं कुठे सांगितलेलं नाही, इराला ते फक्त विचित्र वाटतं. वाचकाला आधी कळतं, इराला नंतर.

मग इरा मान पुढे करते तो प्रसंग आपोआप बदलला. ती धीटपणाने म्हणते, माझं घे, आत्याला सोड. केदार नाही म्हणतो. त्याला भूक आहे, हेही तो सांगतो. भूक असताना नाही म्हणणं हे त्याच्या बाजूचं प्रेम झालं, जसं वाक्य पुरं न करणं होतं. दोन्हींत तो थांबतोच. ही जोडणी लेखिकेला सापडली तेव्हा तिने रात्री उशिरा मला निरोप पाठवला होता, नुसतीच उद्गारचिन्हं.

आत्याची किंमत मात्र कादंबरी माफ करत नाही. कुणाच्या तरी अंगातून येतंच आहे, हे शेवटपर्यंत तसंच राहतं. माझ्या मते पुस्तक टिकलं ते यावर.

तिसरा निर्णय: गुपित

बाईंच्या यादीतली ही नोंद सगळ्यात अवघड होती, कारण मुलांच्या गोष्टींत गुपित म्हणजेच मजा. गुपित काढलं तर कथा उरत नव्हती. मग ते मागणारा बदलला. ‘कुणाला सांगू नकोस’ असं केदार म्हणत नाही, आत्या म्हणते. केदार एकदा स्वतःच विचारतो, “तू कुणाला सांगितलंस का? सांगितलंस तरी चालेल. मला भीती वाटेल, पण चालेल.”

पुढे आत्या जिन्यात कोसळते तेव्हा इरा सांगते, शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना. सांगताना ती अडखळते, दोन पानं अडखळते, आणि ग्रंथपाल बाई वाक्य पुरं करतात, चुकीचं. हा प्रसंग अजूनही मला कमकुवत वाटतो. ग्रंथपाल बाई तिथे केवळ कथानकाची गरज म्हणून येतात, त्यांचं आधीचं एकही पान नाही.

सांगण्यावरून केदार दुखावतो. त्याने समजूतदारपणे मान डोलवावी असं एका वाचकाने सुचवलं होतं. ते आम्ही मानलं नाही. त्याने आधी ‘चालेल’ म्हटलं होतं, ते खरं होतं. तरीही दुखणं खरं आहे.

शेवट

शेवटावर तीन मसुदे झाले. पहिला मूळचा, चाव्याचा. त्यात इराचं अडखळणं बरं होत होतं, आणि याचा अर्थ लेखिकेच्या ध्यानातच आला नव्हता: इराला जवळचं कुणी मिळतं ते ती इरा राहिली नाही तेव्हा. अडखळत बोलणाऱ्या मुलीने हे पुस्तक बंद करताना काय घेऊन जायचं? हा मसुदा लेखिकेने स्वतःच फाडला.

दुसऱ्यात केदार पहाटेच्या उन्हात जाऊन उभा राहतो. लेखिकेला वाटत होतं व्हॅम्पायरचं तेच व्हायला हवं, नियमच आहे. नियम वगैरे काही नाही. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला दिवसा फिरतो, त्याची शक्ती तेवढी उणावते. उन्हाने मरण्याची गोष्ट रूढ झाली ती 1922 च्या जर्मन मूकपटापासून. नियम मोडता येतो हे कळल्यावर खरा आक्षेप मांडता आला. दुसऱ्यांना त्रास नको म्हणून मुलाने स्वतःला संपवणं आणि ते सुंदर दिसणं, हे आम्हाला या वयाच्या वाचकापुढे ठेवायचं नव्हतं.

‘ड्रॅक्युला’तलाच दुसरा नियम मात्र कामी आला. घरातल्या कुणीतरी बोलावल्याखेरीज व्हॅम्पायरला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. केदार तीन वर्षं घरापासून लांब आहे त्याला दोन कारणं होती. तो घरी गेला तर घरचेच आधी संपतील ही भीती. हे सर्बिया आणि ऱ्होड आयलंडमधून आलं. आणि ज्यांनी बोलवायचं त्यांच्या लेखी तो नाहीच. तिसऱ्या मसुद्यात आत्या रुग्णालयात आहे, केदार उपाशी आहे आणि आपल्याच दारात उभा आहे. दार धाकटा भाऊ उघडतो. इरा फाटकापाशी आहे. भावाला सगळं सांगायचं काम तिचं. ती पहिल्या अक्षरावर अडते, आणि भाऊ थांबतो. पुस्तक तिथे संपतं. तो ‘ये’ म्हणाला की नाही ते छापलेलं नाही.

प्रेमाचं काय, हे विचारणारे भेटतात. चुंबनाचा एक प्रसंग होता, तो लेखिकेने कुणी न सांगता काढला. मलपृष्ठावर ‘एका अनोख्या मैत्रीची गोष्ट’ छापावं असा आग्रह झाला. लेखिका मानली नाही, मीही नाही. बारा वर्षांच्या मुलांना कुणी आवडतं, झोप उडते, हे त्यांना आपल्याकडून कळायचं नसतं. त्यांना ते ठाऊक असतं, फक्त मोठ्यांसमोर बोलता येत नाही.

काय झालं

छपाईआधी एका वाचनगटातल्या अकरा ते चौदा वयाच्या मुलांनी संहिता वाचली. चर्चेत आम्ही न बोलता बसायचं ठरलं होतं. आमच्या डोक्यात चावा, रक्त, प्रेम असले प्रश्न. मुलांनी ते झटक्यात बाजूला टाकले. एका मुलाचा प्रश्न, “त्याला कपडे कुणाचे येतात?” आम्हाला कळेना. त्याने समजावलं: घरात दादाचे कपडे लहान झाले की मला येतात. आता दादाच लहान राहिला, तर माझे लहान झालेले त्याला जाणार ना?

लेखिका तिथून उठून बाहेर जाऊन रडली. त्या प्रश्नातून एक नवं पान आलं. आत्या केदारसाठी शर्ट आणते. मापात बसतो. कॉलरच्या आत शाळेसाठी शिवलेली पट्टी आहे आणि तिच्यावर धाकट्याचं नाव. केदार ती पट्टी उसवत नाही. स्वतःचे जोडे मागायला आलेला ब्लागोयेविच लेखिकेला तोवर कुठे बसवता आला नव्हता, तो असा बसला.

शेवटावरून मुलांत जोरदार भांडण झालं. भाऊ आत घेईल म्हणणारे आणि घेणार नाही म्हणणारे असे गट पडले. एक मुलगी दोन्ही गटांवर चिडली, कारण आत घेतल्यावर केदार खाणार काय याचा विचारच कुणी करत नव्हतं. शेवट न बदलण्याचा निर्णय या भांडणामुळे पक्का झाला.

पुस्तक निघालं. मुलांकडून आलेली पत्रं बहुतेक भावाबद्दल होती. काही शाळांच्या ग्रंथालयांनी ते नाकारलं, कारण रक्त आणि प्रेम. एका पालकांनी कडक पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा, आत्याचं शोषण चाललेलं असताना केदारबद्दल सहानुभूती का निर्माण करता. हा आक्षेप मला उडवून लावण्यासारखा वाटला नाही. अडखळत बोलणाऱ्या एका मुलीच्या आईनेही कळवलं की मुलीने पायरीचं पान आपल्या शिक्षकांना नेऊन दाखवलं आणि म्हणाली, असं थांबा.

वेगळं काय करता आलं असतं

मुलांचं वाचन शेवटी ठेवलं गेलं, नेहमी ठेवतात म्हणून. वयाचा निर्णय होण्याआधी पहिला मसुदा मुलांसमोर गेला असता तर कदाचित भाऊ आम्हाला आधीच सापडला असता. याला दुसरी बाजू आहे. पहिल्या मसुद्यातला शेवट मुलांसमोर न्यावा की नाही, यावर बालमानसतज्ज्ञ बाई ठाम नव्हत्या. निवडक प्रकरणं देणं हा मधला मार्ग होता.

डॉक्टरांचा हिशेब सगळ्यात आधी हवा. भय-अद्भुताच्या कथेत आकडे कशाला, असं वाटतं; पण कल्पित प्राण्याला खरं शरीर भेटतं तिथे आकडेच सांगतात की सोसतं कोण. आत्या आकड्यांतून जन्मली.

मुखपृष्ठावर सुळे आणि रक्ताचा थेंब आला. आत थेंबभरही रक्त सांडताना दिसत नाही. ज्यांना थरार हवा होता त्यांनी पुस्तक घेतलं आणि निराश झाले, आणि ज्यांना ते आवडलं असतं अशा काहींच्या आईबापांनी ते परत ठेवलं. चित्रकाराने कॉलरची पट्टी काढून दिली होती. ती ओळखू येत नाही म्हणून बाजूला पडली. पुढच्या आवृत्तीत ती घ्यावी असं माझं म्हणणं आहे, निर्णय अजून व्हायचा आहे.

ग्रंथपाल बाईंना दोन प्रकरणं आधी आणायला हवं, हेही पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवलं आहे. तिकडे लेखिका दुसरा भाग लिहिते आहे, भावाच्या तोंडून. त्यात तो पंधराचा आहे आणि केदार अजून अकराचा. इरा कुठे असेल, हे तिचं तिलाच ठरत नाहीये, आणि मी तारखेचा तगादा लावलेला नाही.